हातातली तलवार बदलली की काय बदलतं?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत खेळायचा खेळ आला, तेव्हापासूनच जादूच्या तलवारींना +१, +२, +३ अशा पायऱ्या आहेत. आकडे छोटे, पण त्यांच्यामागे कडक नियम होता. गार्गॉइलसारख्या राक्षसावर साध्या पोलादाचा ओरखडाही उठत नसे. जादूची तलवार मिळाली, की काल ज्याच्यापासून पळ काढला त्याच्याशी आज दोन हात करता येत. शस्त्र बदललं की खेळाडूच्या आवाक्यातलं जग बदलायला हवं. माझ्या मते चांगल्या गेमची कसोटी आजही हीच आहे.

‘रोग’ (Rogue) या १९८०च्या कॉम्प्युटर गेमने त्यात धाकधूक आणली. जादूच्या द्रवाच्या बाटल्या फक्त रंगावरून ओळखायच्या, मंत्राच्या गुंडाळ्यांवर निरर्थक अक्षरं, आणि चढवलेलं चिलखत शापित निघालं तर ते अंगावरून उतरतच नसे. ॲक्वेटर नावाचा प्राणी धातूचं चिलखत गंजवायचा, चामड्याचं मात्र नाही. त्यामुळे तो समोर आला, की जाणते खेळाडू भारी चिलखत काढून ठेवत आणि उघड्या अंगाने लढत. वस्तू जपण्यासाठी जीव धोक्यात घालावा, इतकी ती आपली झालेली असे.

याच घराण्यातले ‘मोरिया’ आणि ‘अँगबँड’ हे गेम ‘डायब्लो’च्या निर्मात्यांपैकी एक, डेव्हिड ब्रेविक, याच्या आवडीचे. त्या गेम्सच्या प्रेरणेतून १९९६च्या अखेरीस ‘डायब्लो’ उभा राहिला. वस्तूच्या नावाला पुढे-मागे गुणांचे तुकडे जोडायचे आणि प्रत्येक वेळी नवी वस्तू घडवायची, ही त्याची यंत्रणा. पण मजा सगळ्या बारकाव्यांत होती. अंगठी जमिनीवर पडताना होणारी किणकिण गर्दीतही ओळखू यायची. वस्तूत काय दडलंय ते कळायला गावात जाऊन केन या जाणत्या म्हाताऱ्याला १०० सोन्याची नाणी द्यावी लागत. जड चिलखत सापडलं तरी ताकद कमी असेल तर ते घालता येत नसे. पिशवीत मोजकेच चौकोन, तरी त्यातले सहा अडवून खेळाडू ते वागवत राहायचा. ती वाट पाहणं हा सुखाचाच भाग होता.

पुढे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमने (२००४) हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी हे वस्तूंच्या दर्जाचे रंग सगळ्यांच्या तोंडी बसवले.

कुठे बिघडलं तेही सांगायला हवं. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) खेळाडूची लेव्हल वाढेल तसं जगही वाढायचं. शेवटी रस्त्यावरचे फुटकळ दरोडेखोरसुद्धा दुर्मिळ ग्लास चिलखत घालून यायचे आणि वाटसरूकडे थोडी नाणी मागायचे. स्वतः कष्टाने मिळवलेल्या चिलखताची किंमत त्याच क्षणी संपायची. मोजायला स्थिर काही उरलंच नाही, तर प्रगती जाणवणार कशी?

‘डायब्लो ३’ने (२०१२) दुसरीच चूक केली. लिलावघरात खऱ्या पैशांनीही वस्तू विकत मिळू लागल्या, आणि राक्षस मारण्यापेक्षा यादी चाळणं फायद्याचं ठरलं. मारणं आणि मिळणं यांतला धागाच तुटला. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने १८ मार्च २०१४ला लिलावघर बंद केलं. त्याच्या थोडं आधी लुटीची, म्हणजे राक्षस मारल्यावर पडणाऱ्या वस्तूंची, पद्धतही बदलली होती: वस्तू कमी पडायच्या, पण तुमच्या पात्राला उपयोगी पडण्याची शक्यता जास्त.

‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) ‘डायब्लो’तला ताकदीचा जुना नियम पुन्हा ठळक दिसतो. ग्रेटस्वर्ड ही अवाढव्य तलवार केलिड या गेममधल्या प्रदेशात एका गाडीवरच्या पेटीत असते. नवखा खेळाडूही घोडा दामटत जाऊन ती उचलू शकतो. मात्र ती नीट चालवायला ३१ ताकद लागते. दोन्ही हातांनी धरली तर ताकद दीडपट मोजली जाते, त्यामुळे २१ वर भागतं. सोबत १२ चपळाईही हवी. तोवर ती पाठीवर असते, आणि प्रत्येक नव्या लेव्हलला खेळाडू त्या आकड्यांकडे बघत असतो.