तिवानाकूचे पुतळे आणि तितिकाकाकाठची पाणथळ : एका दिवसाच्या सहलीमागचा इतिहास

बोलिव्हियातील ला पाझ शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहलींच्या जाहिरातींत तिवानाकूचे नाव हमखास असते आणि त्या नावाला ‘गूढ’ हे विशेषणही हमखास चिकटलेले असते. शहराच्या पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर, अँडीज पर्वताच्या पठारावर सुमारे ३,८५० मीटर उंचीवर वसलेल्या या प्राचीन नगरीतले दगडी पुतळे आधी दाखवले जातात. वेळ उरला तर गाडी तितिकाका सरोवराच्या काठाला जाते आणि तिथली पाणथळ, पाणपक्षी व तोतोरा या लव्हाळ्याच्या होड्या पाहून प्रवासी परततात. पुतळे म्हणजे इतिहास आणि पाणथळ म्हणजे निसर्ग, ही वाटणी मार्गदर्शकाला सोयीची असली तरी इतिहासाला धरून नाही. ज्या समाजाने हे पुतळे घडवले त्याचे अन्न, त्याची वाहतूक आणि बहुधा त्याची उपासनाही त्या पाणथळीवरच उभी होती. ही सांगड विस्मरणात गेल्यावरच उघड्या माळावरचे पुतळे अनाकलनीय वाटू लागले.

तितिकाका सरोवर ३,८१२ मीटर उंचीवर आहे, त्याचा विस्तार सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर आहे आणि तो पेरू व बोलिव्हिया या दोन देशांत विभागलेला आहे. तिकिना येथील पाण्याच्या अरुंद चिंचोळ्या पट्ट्याने त्याचे दोन भाग पडतात. उत्तरेकडचा भाग मोठा आणि खोल आहे. दक्षिणेकडचा विन्यायमार्का हा भाग लहान आणि बराच उथळ आहे. उथळ तळ्याचे पाणी मीटरभर जरी चढले किंवा उतरले तरी काठ कोठल्या कोठे सरकतो, आणि याच सरकत्या काठावर तोतोरा नावाचा उंच लव्हाळा दाट माजतो. त्याचे कोवळे बुडखे खातात, पाती जनावरांना घालतात, त्याच्या चटया विणतात आणि मोळ्या बांधून होड्याही करतात. सरोवरापासून वर डोंगरांत ‘बोफेदाल’ म्हणतात त्या दलदली आहेत, जिथे गादीसारख्या घट्ट वाढणाऱ्या वनस्पती झऱ्यांचे पाणी धरून ठेवतात आणि ऐन कोरड्या हंगामातही लामा व अल्पाका यांना हिरवा चारा मिळतो. पाऊस बहुतेक डिसेंबर ते मार्च याच काळात पडणाऱ्या आणि जवळजवळ बारा महिने रात्री गारठणाऱ्या या पठारावर वस्तीला पाणथळीचाच आधार होता.

विन्यायमार्काच्या काठी ताराको द्वीपकल्पावरील चिरिपा येथे इसवी सनापूर्वी १५०० च्या सुमारापासून शेती व मासेमारी करणारी गावे होती. पुढे तेथे जमिनीत खोल उतरवलेले चौक बांधले जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर कोरीव शिळाही आल्या. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस स्त्री आणि सोबत नागमोडी साप अशा रचनेच्या या शिळांच्या परंपरेला अभ्यासक ‘यायामामा’ म्हणतात. तिवानाकूतली शिल्पकला अचानक अवतरलेली नाही. तिच्यामागे सरोवराकाठच्या गावांची हजारभर वर्षांची कारागिरी आहे, हे गूढाच्या गोष्टी सांगणारे सहसा सांगत नाहीत.

नगरीचा भरभराटीचा काळ साधारणपणे इसवी सन ५०० ते १००० हा मानला जातो. तिची लोकसंख्या दहा ते वीस हजारांच्या घरात असावी असा अंदाज केला जातो. खोल चौकाची जुनी कल्पना येथे मोठ्या प्रमाणावर साकारली. सुमारे २८ मीटर लांब व २६ मीटर रुंद अशा अर्धभूमिगत मंदिराच्या भिंतींत सुमारे १७५ दगडी शिरे खुंट्यांसारखी रोवलेली आहेत. प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. काहींची झीज इतकी झाली आहे की डोळ्यांच्या जागी केवळ दोन खळगे उरले आहेत. शेजारच्या कलासासाया या उंच चौथऱ्यावर दोन प्रसिद्ध पुतळे उभे आहेत. त्यांपैकी पोन्से पुतळा सुमारे तीन मीटर उंच आहे. त्याने एका हातात पेयाचा प्याला आणि दुसऱ्या हातात नशेची पूड ओढण्याची पट्टिका छातीशी धरली आहे, अंगावरचे वस्त्र बारीक नक्षीने भरलेले आहे आणि उजव्या खांद्यावर नंतरच्या काळात ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या प्रभावाखाली कोरलेला क्रूस आहे. दुसरा, ‘एल फ्राइले’ म्हणजे मठवासी या नावाने ओळखला जाणारा, वालुकाश्माचा आणि कोरीवकामाने साधा आहे. मात्र त्याच्या कमरपट्ट्यावर खेकड्यांसारखे जलचर कोरलेले आहेत. सहलीत सारे पोन्सेपाशी गर्दी करतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा कमरपट्टा अधिक बोलका आहे.

नगरीतले सूर्यद्वार हे अँडेसाइट या ज्वालामुखी दगडाच्या एकाच शिळेतून घडवलेले आहे. मध्यभागी दोन्ही हातांत दंड धरलेली देवता आणि तिच्याकडे धावणाऱ्या ४८ पंखधारी आकृती त्यावर कोरलेल्या आहेत. त्यांतल्या ३२ माणसाच्या चेहऱ्याच्या तर १६ पक्ष्याच्या डोक्याच्या आहेत. कडेच्या आकृती अर्धवट राहिल्या आहेत. द्वार मूळचे कोठे उभे होते हे निश्चित नाही, कारण ते भग्न अवस्थेत सापडले आणि आजच्या जागी विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा उभे केले गेले.

हा दगड आला कोठून, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा सरोवराकडेच नेते. लाल वालुकाश्म नगरीपासून दहाएक किलोमीटरवरच्या डोंगरांतला आहे. नगरीतल्याच पुमा पुंकू या वास्तूतील सर्वांत मोठी, सुमारे १३० टनांची शिळा याच दगडाची आहे आणि ती ओढूनच आणावी लागली असणार. राखाडी अँडेसाइट मात्र पाण्यापलीकडच्या ज्वालामुखी टेकड्यांतून येत असे. सरोवराच्या दक्षिण काठी इवावी येथे अर्धवट घडवलेल्या अँडेसाइट शिळा पडून आहेत. नगरीपर्यंत न पोहोचलेल्या अशा शिळांना स्थानिक लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात. त्या तोतोराच्या होड्यांतून आल्या असतील काय, हे तपासण्यासाठी २००२ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी स्थानिक होडीबांधकाऱ्यांच्या मदतीने मोठी लव्हाळी होडी बांधून नऊ टनांची शिळा पाण्यावरून पैलतीराला नेऊन दाखवली. लव्हाळ्याच्या होडीची मजबुती त्याआधीच जगाने पाहिली होती : १९७० मध्ये नॉर्वेचे संशोधक थोर हायरडाल यांनी ज्या होडीतून अटलांटिक महासागर पार केला ती ‘रा २’ ही होडी सरोवरातल्या सुरिकी बेटावरच्या आयमारा या स्थानिक समाजातील कारागिरांनीच बांधली होती. प्रयोगावरून इतकेच सिद्ध होते की असे करणे शक्य होते. पण दगड हलवण्यासाठी, काही जण करतात तसे, परग्रहवासीयांना मदतीस बोलावण्याची गरज त्याने पुरेशी संपते.

याहून महत्त्वाची गोष्ट शेतीची. सहलीत तिच्यासाठी क्वचितच थांबतात, कारण पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही : माळावर समांतर जाणारे बुटके उंचवटे आणि त्यांच्यामधले बुजत आलेले चर. आयमारा भाषेत त्यांना ‘सुका कोल्यू’ आणि केचुआ भाषेत ‘वारू वारू’ म्हणतात. आपल्याकडे हळद-आल्यासाठी जे गादीवाफे करतात त्यांची ही फार मोठी आवृत्ती म्हणता येईल. पाणथळ जमिनीत रुंद चर खणायचे, निघालेली माती बाजूला रचून काही मीटर रुंदीचा आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच वाफा करायचा आणि चरांत पाणी उभे ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. काही ठिकाणी वाफ्याच्या तळाशी गोटे आणि त्यावर चिकणमातीचा थर देऊन ओलावा नियंत्रित केलेला आढळतो.

चरांतले पाणी दिवसा कडक उन्हाने तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. वाफ्यांवरची हवा एखाद-दोन अंशांनी जरी उबदार राहिली तरी ज्या रात्री उघड्या माळावरचे पीक गारठून काळे पडते त्या रात्री इथले पीक तगते. शिवाय चरांत वाढणाऱ्या पाणवनस्पती आणि साचणारा गाळ दरवर्षी काढून वाफ्यांवर टाकला की वेगळ्या खताची फारशी गरज राहत नाही. या वाफ्यांवर मुख्यतः बटाटा आणि किनोआ पिकत. आपल्याकडे उपवासालाही चालणारा बटाटा मूळचा याच भागातला आहे. दक्षिण पेरू आणि वायव्य बोलिव्हिया हा त्याच्या लागवडीचा सर्वांत जुना प्रदेश समजला जातो. तो रात्री थंडीत गोठवून, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढून आणि वाळवून केलेला ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो. कोरडे वर्ष ओलांडायचे तर त्याची कोठारे भरलेली असावी लागत.

पाण्याचा हा हिशेब नगरीच्या मध्यवर्ती वास्तूतही उतरला होता. अकापाना हा सुमारे १७ मीटर उंचीचा पायऱ्यापायऱ्यांचा टेकडीवजा चबुतरा आज ढासळलेल्या मातीसारखा दिसतो, परंतु त्याच्या आत दगडी नाल्यांची गुंतागुंतीची व्यवस्था सापडली आहे. माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी या नाल्यांतून एका टप्प्यावर बाहेर, पुन्हा आत आणि पुन्हा बाहेर असे खाली उतरत असे. वरच्या टप्प्यांवर जवळच्या डोंगरांतून आणलेली हिरवट वाळू-खडी पसरलेली आढळली. नुसते पाणी वाहून न्यायचे असते तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. झरे वाहणाऱ्या डोंगराची प्रतिकृती उभी करणे हा हेतू असावा, हे पुरातत्त्वज्ञ ॲलन कोलाटा यांचे अनुमान पटण्यासारखे आहे.

इसवी सन १००० च्या सुमारास नगरीतले मोठे बांधकाम थांबले आणि वस्ती पांगली. पेरूमधील केल्काया हिमनदीच्या थरांवरून आणि सरोवराच्या गाळावरून त्या सुमारास दीर्घ अवर्षण पडल्याचे दिसते. सरोवर मागे हटले, चर कोरडे पडले आणि राज्य कोसळले, असे कोलाटा यांचे म्हणणे आहे. पुरातत्त्वज्ञ क्लार्क एरिक्सन यांनी त्यास विरोध केला : वाफ्यांची शेती राज्याने वरून लादलेली नसून गावकऱ्यांची स्वतःची होती, ती राज्याच्या आधीही होती आणि नंतरही काही ठिकाणी चालू राहिली, तेव्हा केवळ पावसावर सगळा भार टाकणे योग्य नाही. अंतर्गत कलहाच्या खुणाही सापडल्या आहेत. अवर्षणाने दुबळी झालेली सत्ता आतूनच मोडली, असे मानणे सध्याच्या पुराव्याशी अधिक जुळते.

इंका येथे आले तेव्हा नगरी ओस पडून शतके लोटली होती. त्यांनी तिला आपल्या उत्पत्तिकथेत जागा दिली. १५५० च्या दशकात स्पॅनिश लेखक हुआन दे बेतान्सोस यांनी नोंदवलेल्या कथेप्रमाणे विराकोचा देव सरोवरातून बाहेर आला आणि तिवानाकूत त्याने पुढे जन्मणाऱ्या माणसांचे दगडी नमुने घडवले. पुतळ्यांभोवतीच्या गूढाची ही पहिली लिखित पायरी होय. १५४९ मध्ये स्पॅनिश बखरकार पेद्रो सिएसा दे लेओन यांनी लांब वस्त्रे ल्यालेले दोन राक्षसी पुतळे पाहिले आणि हे इंकांचे काम काय, असे तिथल्या लोकांना विचारले. लोक त्या प्रश्नावर हसले आणि हे इंकांच्या कितीतरी आधीचे आहे म्हणाले.

त्यानंतरच्या वसाहतकाळात या जागेचा मुख्य उपयोग दगडाची खाण म्हणून झाला. गावातले सान पेद्रो चर्च याच दगडांनी बांधले गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाकी ते ला पाझ रेल्वेच्या कामासाठीही येथील दगड नेले. दगड गेले आणि कथा वाढल्या. व्हिएन्नात जन्मलेले अभियंता आर्थर पोस्नान्स्की यांनी अनेक दशके येथे मोजमापे घेतली आणि कलासासायाच्या दिशांवरून खगोलीय गणित मांडून नगरी इसवी सनापूर्वी सुमारे १५,००० वर्षांची ठरवली. त्यांची छायाचित्रे व नोंदी आजही उपयोगी आहेत, पण कालगणना रेडिओकार्बन पद्धतीपुढे टिकली नाही. सहलीच्या बसमध्ये मात्र ती अजून टिकून आहे.

१९३२ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ वेंडेल बेनेट यांना अर्धभूमिगत मंदिरात सात मीटरांहून उंच, सुमारे २० टनांचा पुतळा सापडला. तो लवकरच ला पाझला हलवला गेला आणि अखेर फुटबॉलच्या मैदानासमोर उभा राहिला. जागेवरून उखडल्यामुळे तो कोपला, असे आयमारा समाजात म्हटले जाई. त्याच वर्षी पराग्वेशी चाको युद्ध पेटल्यामुळे या समजाला बळ मिळाले. मोटारींचा धूर आणि १९५२ च्या क्रांतीतल्या गोळ्या सोसून २००२ मध्ये तो तिवानाकूला परतला. आता तो तेथील संग्रहालयात बंदिस्त आहे.

१९५२ नंतरच्या राष्ट्रवादी काळात बोलिव्हियाचे पुरातत्त्वज्ञ कार्लोस पोन्से सांखिनेस यांनी मोठ्या प्रमाणावर उत्खनन व पुनर्बांधणी केली. आज दिसणाऱ्या कलासासायाच्या भिंती बऱ्याच अंशी त्यांच्या आहेत, आणि त्यांवर टीकाही झाली. शेतीच्या वाफ्यांकडे लक्ष वळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. १९८० च्या दशकात पेरूच्या बाजूला एरिक्सन यांनी आणि बोलिव्हियातील पाम्पा कोआनी येथे कोलाटा व ओस्वाल्दो रिवेरा यांनी गावकऱ्यांसह जुने वाफे पुन्हा लागवडीखाली आणले. पिके उत्तम आली, थंडीतही वाचली. पण मदतीचा पैसा थांबल्यावर बहुतेक वाफे ओस पडले. चर राखायला माणसे लागतात आणि तरुण शहरात गेले होते. पुढे सरोवराला पाणथळींच्या रक्षणासाठीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय करारान्वये पेरूच्या बाजूने १९९७ मध्ये व बोलिव्हियाच्या बाजूने १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तिवानाकू २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पाणी एका यादीत आणि दगड दुसऱ्या यादीत, ही वाटणी त्यामुळे अधिकृत झाली.

पाम्पा कोआनीतून वाहणारी कातारी नदी आज ला पाझला लागून असलेल्या एल आल्तो शहराचे सांडपाणी आणि खाणींचा मळ घेऊन सरोवराच्या कोआना उपसागरात उतरते. २०१५ मध्ये विन्यायमार्कात शेवाळ माजून मासे, बेडूक व पक्षी मोठ्या संख्येने मेले. येथेच आढळणारा तितिकाकाचा पाणबेडूक आणि उडता न येणारी पाणडुबी हे दोन्ही आता धोक्यात आहेत. २०२३ मध्ये पाणी इतके उतरले की काठची तोतोरा वाळून कोरड्या चिखलात उभी राहिली. दरवर्षी २१ जूनला सूर्योदयाच्या वेळी आयमारा नववर्षासाठी कलासासायासमोर हजारो लोक जमतात, आणि २००९ पासून त्या दिवशी देशभर सुट्टीही असते. सरोवरात जाणारे सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रकल्प मात्र शहराच्या वाढीच्या मागेच पडत आले आहेत.