उवा, चकाट्या आणि तान्ही बाळं

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की गावाकडे ओसरीवर एक दृश्य हमखास दिसायचं. एक बाई वरच्या पायरीवर, दुसरी खालच्या पायरीवर केस मोकळे सोडून. खालचीच्या मांडीवर एखादं पोर पेंगतंय आणि वरची तिच्या डोक्यातल्या उवा काढतेय. हात चालू, तोंड त्याहून जास्त चालू. घरातल्या पुरुषांच्या लेखी या ‘चकाट्या’.

केनियातल्या अंबोसेलीच्या मैदानावर बबून माकडांच्या माद्याही असाच वेळ घालवतात. जोन सिल्क, सुझन अल्बर्ट्स आणि जीन ऑल्टमन या तिघींनी तिथल्या 16 वर्षांच्या नोंदी तपासल्या. कोण कोणाजवळ बसते, कोण कोणाचे केस निवडते, किती वेळ. मग त्याला पिल्लांचा हिशेब जोडला. 2003 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलेला निष्कर्ष असा, की ज्या मादीची इतरांशी ऊठबस जास्त, तिचं पिल्लू वर्षाचं होण्याची शक्यता जास्त. बबूनांमध्ये मानाचं स्थान आईकडून लेकीकडे येतं, म्हणून ही वरच्या घराण्यांचीच पुण्याई असेल असं वाटू शकतं. ते घराणं हिशेबातून बाजूला काढलं, कळप आणि हवापाण्याचा फरकही काढला, तरी संगतीचा परिणाम उरलाच.

धडधाकट मादीच मुळात जास्त मिसळत असेल आणि तिचंच पिल्लू तगत असेल, अशी शंका कोणी घेईल. रास्त आहे, आणि नुसत्या निरीक्षणाने ती पुरती फिटत नाही. पण बोट्स्वानातल्या बबूनांनी एक धागा दिला. तिथल्या संशोधकांनी माद्यांच्या विष्ठेतून ताणाची संप्रेरकं मोजली. जिची जवळची नातलग शिकारी जनावराने मारली, तिच्यात ती वाढलेली दिसली. पुढची गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या माद्या कोपऱ्यात जाऊन बसल्या नाहीत. उलट पूर्वीपेक्षा जास्त जणींच्या केसांत हात घालू लागल्या.

त्या हातात आहे काय? टॅलापोइन जातीच्या माकडांवरच्या प्रयोगांत केस निवडून घेतल्यावर मेंदूभोवतीच्या द्रवात एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते अफूसारखं द्रव्य, वाढलेलं आढळलं. रॉबिन डनबार या मानवशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की माणसांत हेच काम पुढे गप्पांनी अंगावर घेतलं. उवा एका वेळी एकीच्याच काढता येतात. गप्पा तिघीचौघींशी मारता येतात, आणि हात भाजी निवडायला मोकळे राहतात. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे; पण ओसरीवर बसलेल्या कुणालाही तो पटेल.

माणसांवर मात्र रीतसर प्रयोग झाले आहेत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सिंडी-ली डेनिस आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर नैराश्याचा धोका दिसणाऱ्या 701 बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या आरोग्यसेवेखेरीज एक फोन येई. करणारी डॉक्टर नव्हे, समुपदेशकही नव्हे. स्वतः त्याच अंधारातून बाहेर आलेली आणि थोडंसं प्रशिक्षण घेतलेली दुसरी आई. 12 आठवड्यांनी पाहिलं तर फोन न आलेल्या गटात नैराश्याची ठळक लक्षणं 25 टक्के बायकांत होती, फोन आलेल्या गटात 14 टक्क्यांत.

आपल्या शेजारी गोव्यातही असाच प्रयोग झाला. 280 नैराश्यग्रस्त गर्भवतींपैकी काहींकडे त्यांच्याच भागातल्या, त्यांच्यासारख्याच बायका जाऊन बसू लागल्या. 2019 साली आलेला निकाल सांगतो, की बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत या गटातल्या 73 टक्के जणी नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या 60 टक्के. लक्षणांची तीव्रता मोजली तेव्हा मात्र दोन्ही गटांत ठळक फरक सापडला नाही. तेव्हा मैत्रीण आहे म्हणून डॉक्टर टाळावा, असं यातून कुणी काढू नये.

सर्वांत मोठा आकडा झारखंड-ओदिशातला. तिथे ‘एकजुट’ संस्थेने मुख्यतः आदिवासी गावांत बायकांच्या नियमित बैठका घेतल्या. बायका आपापल्या बाळंतपणातल्या अडचणी मांडत आणि उपाय स्वतः ठरवत. 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत आलेल्या अहवालानुसार तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 32 टक्क्यांनी कमी झाले. पहिल्या दोन वर्षांत आयांच्या मनःस्थितीत फरक दिसला नव्हता; तिसऱ्या वर्षी मध्यम नैराश्य 57 टक्क्यांनी कमी भरलं.

हीच कल्पना मुंबईच्या झोपडपट्ट्यांत राबवली तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. 2012 साली तो निकालही प्रामाणिकपणे छापला गेला. शहरात बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होतात, तेव्हा सुधारायला जागा कमी, हे एक कारण असू शकतं. मला दुसरंही वाटतं. पाणी, धुणी-भांडी, लोकल सांभाळणाऱ्या बाईला ठरल्या वारी, ठरल्या वेळी गोल करून बसवलं म्हणजे ओसरी तयार होत नाही.

मैत्रीला तास लागतात, आणि तेही कुणीतरी मोजले आहेत. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात नुसत्या ओळखीची मैत्री व्हायला साधारण 50 तास लागले, जिवाभावाची व्हायला 200 हून जास्त. ऑफिसात शेजारी बसून काढलेले तास यात फारसे कामी येत नाहीत. हा अभ्यास काही आयांवरचा नाही. तान्हं बाळ काखेत असेल तर निम्मी वाक्यं अर्धवटच राहतात. शिवाय ‘तुमचा अजून उभा नाही राहत?’ असं विचारणारी भेटली, की पुढचे तीन दिवस बागेतल्या त्या बाकाकडे फिरकावंसं वाटत नाही.

तरी हिशेब करून पाहू. माहेर तीनशे किलोमीटरवर, सासूबाई गावी, नवरा रात्री नऊला घरी, आणि सोसायटीच्या बागेत संध्याकाळचा अर्धा तास. एवढ्यावर 200 तास भरायला 400 दिवस लागतात. पहिल्या दिवशी चादरीवर पालथं पडणारं पोर तोवर घसरगुंडीची शिडी चढू लागलेलं असतं, आणि त्याला खालून धरायला कधी त्याची आई उभी असते, कधी दुसऱ्याची.