तुरटपणा जातो कुठे?

डाळिंब सोलताना आतला पांढरा पापुद्रा दाताखाली आला की जीभ कशी कोरडी पडते, ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. नवीन रेड वाईनचा पहिला घोट अगदी तसाच लागतो. जानेवारीत भावाने माल्बेक या द्राक्षाच्या रेड वाईनच्या दोन बाटल्या आणल्या, वाईन तीच पण एक २ वर्षांची आणि एक ८ वर्षांची, आम्ही दोन्ही शेजारीशेजारी ओतून चाखल्या. नवीचा रंग गडद जांभळा आणि तोंड आवळून टाकणारी, जुनी कडेला विटकरी आणि एकदम मऊ. तेव्हापासून डोक्यात हेच, की मधल्या ६ वर्षांत तुरटपणा गेला कुठे?

मुळात तो जिभेला लागतो चवीपेक्षा स्पर्शासारखा. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं, ते लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं.

ही वाईन अर्जेंटिनातल्या मेंडोझाची. तिथे युको व्हॅलीतल्या बागा साधारण ९०० ते १५०० मीटर उंचीवर आहेत, आपलं सोलापूर साडेचारशेच्या आसपास. दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, त्यापासून वाचायला मणी सालीत रंग आणि टॅनिन जास्त साठवतो, आणि रात्री गार असल्याने आंबटपणाही टिकून राहतो. आपल्या नान्नजच्या सोनाका द्राक्षाची साल पातळ हवी कारण ती तशीच खायची असते, वाईनवाल्याला मात्र सगळा माल सालीतच पाहिजे!

मग ओक झाडाच्या लाकडाचं पिंप, बहुतेक वेळा २२५ लिटरचं, आतून आगीवर भाजलेलं. त्यातून व्हॅनिला येतो, युजेनॉल येतं म्हणजे लवंगेतलाच रेणू, आणि ओक लॅक्टोनचा वास तर चक्क खोबऱ्याचा, मला तर ग्लास नाकाशी नेल्यावर घरी काळा मसाला भाजताना येणारा वासच आठवला. पण पिंपाचं खरं काम वेगळंच आहे असं मला वाटतं. लाकडातून अगदी थोडाथोडा ऑक्सिजन आत जातो, त्याने जरासं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनतं आणि ते टॅनिन आणि रंगद्रव्य यांना एकमेकांशी जोडतं, म्हणून रंग जांभळ्याचा विटकरी होत जातो. पुढे बाटलीतही आम्लामुळे टॅनिनच्या साखळ्या तुटतात, परत जुळतात, आणि या नव्या जोड्या लाळेतल्या प्रोटीनला आधीइतक्या घट्ट धरत नाहीत.

हे सगळं सावकाश व्हायला हवं, १२ ते १५ अंशात. आपल्याकडे मे महिन्यात ४२ च्या वर जातं, तेव्हा बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली तर वाईन मुरत नाही, शिजते.

आणि जुनी बाटली रिकामी झाल्यावर तळाशी गडद जांभळट गाळ दिसला. तोही थोडा रंग आणि थोडं टॅनिनच, जोडून जोडून इतकं मोठं झालेलं की वाईनमध्ये विरघळून राहू शकलं नाही.