ट्यूबवरची चिप बॅटरीशिवाय बोलते कशी?

रक्त तपासायला दिलं की ट्यूबवर जे लेबल लावतात त्यात काही लॅबमध्ये आता बारकोडच्या जोडीला एक बारीकशी चिप पण असते, आणि तिच्याबद्दल दोन गैरसमज मी सारखे ऐकतो. एक म्हणजे त्या चिपमध्ये आपलं नाव, वय, आजार, रिपोर्ट असं सगळं भरलेलं असतं. दुसरा म्हणजे ती चिप दिवसरात्र लहरी सोडत असते आणि त्यांनी आतलं रक्त बिघडतं. दोन्ही चूक आहेत, आणि दुसरा का चूक आहे हे सांगायला घेतलं की मधे जे विज्ञान येतं ते मला इतकं आवडतं की खरं तर त्यासाठीच लिहायला बसलोय.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चिपमध्ये साधारणपणे फक्त एक नंबर असतो. नाव, डॉक्टर, कुठल्या टेस्ट करायच्या हे सगळं लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो नंबर म्हणजे तिथपर्यंत जायची किल्ली. बारकोडचंही तेच.

मग बारकोड असताना चिप कशाला? बारकोड स्वस्त आहे, चांगला आहे, बहुतेक लॅबचं काम त्याच्यावर छान चालतं. पण त्याला प्रकाश लागतो. लेबलला सुरकुती पडली, शाई पुसली गेली, किंवा उणे 80 अंशाच्या फ्रीझरमधून नळी काढली आणि तिच्यावर बर्फाचा थर असला की स्कॅनर आंधळा होतो. मग ती नळी हातात घ्या, पुसा, फिरवा, आणि तेवढ्या वेळात सॅम्पल गरम होत जातं, जे खरंच बिघडवणारं आहे. चिप बर्फातूनही वाचता येते, आणि अख्खा रॅक एकदम वाचता येतो.

आता गंमत. या चिपला बॅटरी नसते. कपाटात पडलेली असताना ती काहीही सोडत नाही, अक्षरशः मेलेली असते. तिला जागं करतो तो रीडर, म्हणजे चिप वाचणारं यंत्र. रीडरमध्ये तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार वेळा (13.56 मेगाहर्ट्झ) उलटसुलट होणारा करंट वाहतो, त्यामुळे भोवती तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यातून गेलं की तिथे वीज तयार होते, हे फॅरडेने 1831 साली दाखवलं, शाळेत आपण शिकलोय. लेबलमध्येही असंच छोटं वेटोळं असतं, त्यात तयार झालेल्या विजेवर चिप चालते. ट्रान्सफॉर्मरच की हा, फक्त मधे लोखंडाऐवजी हवा.

ठीक आहे, वीज मिळाली, पण उत्तर कसं देणार? स्वतः लहर पाठवण्याइतकी ताकद तिच्यात नाही. तर ती काय करते, स्वतःवरचा भार कमीजास्त करते. घरात पाण्याचा पंप सुरू झाला की दिवा क्षणभर मिणमिणतो ना, पंपाने दिव्याला काही सांगितलेलं नसतं, पण दोघं एकाच लाइनवर असल्यामुळे दिव्याकडे बघून पंप सुरू झाला हे कळतं. तसंच चिपच्या आत एक बारीक स्विच असतो, तो जोडला गेला की चिप जास्त वीज ओढते, सुटला की कमी, आणि रीडरच्या वेटोळ्यात व्होल्टेज किंचित हलतं. किंचित म्हणजे रीडरच्या स्वतःच्या सिग्नलच्या हजारो पट लहान! एवढ्या गोंगाटात ते ऐकू कसं येतं? तर चिप तो स्विच 13.56 ला 32 ने भागून येणाऱ्या वेगाने, म्हणजे 423.75 किलोहर्ट्झने हलवते (तिच्याकडे स्वतःचं घड्याळ नाही, रीडरच्याच ठोक्यांवर ती मोजते), त्यामुळे उत्तर मुख्य फ्रीक्वेन्सीवर न येता तिच्या दोन्ही बाजूंना, 13.98 आणि 13.14 मेगाहर्ट्झच्या आसपास येतं, आणि फिल्टर लावून ते वेगळं काढता येतं. शिवाय लेबलमधलं वेटोळं आणि त्याला जोडलेला कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) यांचा मेळ रीडरच्या फ्रीक्वेन्सीशी जमावा लागतो, समजा कपॅसिटर 23.5 पिकोफॅरडचा असेल तर वेटोळ्याचं इंडक्टन्स (बदलत्या करंटला ते किती विरोध करतं त्याचं माप) सुमारे 5.9 मायक्रोहेन्री हवं, नाहीतर झोक्याला चुकीच्या वेळी ढकलल्यासारखं होतं आणि चिप जागीच होत नाही. रॅकमध्ये नळ्या अगदी चिकटून असल्या की शेजारशेजारची वेटोळी एकमेकांचा हा मेळ बिघडवतात, ही या कामातली खरी डोकेदुखी.

आणि सगळ्या नळ्या एकदम बोलल्या तर? रीडर 16 पाळ्या लावतो. प्रत्येक चिपचा नंबर 64 बिटचा, म्हणजे 64 शून्य-एकांचा, त्यातल्या शेवटच्या 4 बिटवरून (त्यांच्या 16 जुळण्या होतात) तिची पाळी ठरते. एका पाळीत दोघी बोलल्या तर रीडर फक्त त्यांना पुढच्या 4 बिटवरून पुन्हा पाळ्या लावतो. वाचून झालेलीला गप्प बसायचा आदेश. मला हे फार आवडतं.

दुकानातल्या मालासाठी वापरतात त्या 900 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या चिप लांबून वाचता येतात, पण त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि रक्त म्हणजे मुख्यतः पाणीच. 13.56 वर काम चुंबकीय क्षेत्राचं आहे आणि चुंबकीय क्षेत्राला पाणी जवळपास हवेसारखंच. म्हणून नळ्यांना हीच बरी.

रक्त बिघडण्याबद्दल: या फ्रीक्वेन्सीच्या एका फोटॉनची (लहरीतल्या ऊर्जेच्या सगळ्यात लहान पुडक्याची) ऊर्जा ही खोलीच्या तापमानाला रेणूंच्या नुसत्या हालचालीत जेवढी ऊर्जा असते तिच्या साधारण साडेचार लाखाव्या भागाइतकी. रेणूतला एकही बंध त्याने तुटत नाही. मोबाइलला चिकटवायचे 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर विकणारे याच भीतीवर धंदा करतात, त्यांना पैसे देऊ नका.

पण 'चिप लावली की चूक शून्य' ही जाहिरात पण तितकीच खोटी आहे. लॅबच्या बहुतेक चुका मशिनच्या आधीच झालेल्या असतात, आणि सगळ्यात घातक म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याच्या लेबलच्या ट्यूबमध्ये जाणं. रक्तगट तपासणीत ही चूक जीव घेऊ शकते. चिप तो चुकीचा नंबर अगदी बिनचूक वाचून दाखवेल. म्हणून लेबल पेशंटसमोरच, त्याला स्वतःचं नाव सांगायला लावून लावायचं असतं, आधी लेबल लावून ठेवलेल्या नळ्यांची चळत घेऊन फिरायचं नसतं.

तरी चूक झालीच तर ती पकडायचा एक मार्ग खुद्द रक्तातच आहे. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे त्यांचं सरासरी आकारमान, रिपोर्टमध्ये एमसीव्ही लिहिलेलं असतं ते, दोनचार दिवसांत फारसं हलत नाही. सोमवारी 92 आणि बुधवारी 74 आलं, मधे रक्त चढवलेलं नाही, तर लॅबचा कॉम्प्युटर रिपोर्ट अडवतो आणि टेक्निशियन फोन उचलतो, ही ट्यूब नक्की कोणाची आहे हे विचारायला.