बघ्यांचं गणित

शाळेत कुणीतरी रोज त्रास देतंय असं मुलाने घरी सांगितलं की त्याला बहुधा दोनपैकी एक सल्ला मिळतो. ‘दुर्लक्ष कर, कंटाळून सोडून देतील’, नाहीतर ‘तूही एक ठेवून दे’. सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींमागची समजूत एकच: एक छळणारा, एक सोसणारा, आणि जे काही करायचं ते सोसणाऱ्याने. वर्गातली उरलेली पोरं या हिशेबात धरलेलीच नाहीत. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

अशा छळाचा, म्हणजे बुलिंगचा, शास्त्रीय अभ्यास सत्तरच्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी सुरू केला. १९८३ मध्ये नॉर्वेने शाळांसाठी देशव्यापी मोहीम काढली, तिच्यातूनच त्यांचा प्रसिद्ध कार्यक्रम उभा राहिला. त्यांनी बुलिंगच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. ताकद म्हणजे फक्त दंडातलं बळ नव्हे. मित्रांची संख्या, वर्गातलं वजन, बोलण्यातली चलाखी हीसुद्धा ताकदच. बरोबरीच्या दोघांत जुंपली तर ते भांडण. बुलिंगमध्ये मुळात बरोबरीच नसते, म्हणून ‘तूही एक ठेवून दे’ हा सल्ला लंगडा पडतो.

आता बघ्यांकडे वळू. कॅनडात डेब्रा पेप्लर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरोंटोच्या शाळांत मैदानावर कॅमेरे लावले आणि मुलांच्या अंगावर बिनतारी माइक दिले. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. त्यातलं कुणी मध्ये पडलं ते फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण मध्ये पडल्यावर ५७ टक्के वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला! मोठा पराक्रम लागत नव्हता, ‘ए, सोड ना त्याला’ एवढ्यावर काम होत होतं. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये बघ्यांचेही प्रकार पाडून दाखवले: हाताखाली काम करणारे, हसून चेव आणणारे, काणाडोळा करणारे आणि बाजू घेणारे.

मग एवढं सोपं असेल तर मुलं गप्प का बसतात? दुष्ट असतात म्हणून नव्हे. मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत माणूस अर्ज भरत बसलाय आणि झडपेतून धूर यायला लागतो. एकटा असेल तर ७५ टक्के लोक उठून कळवतात. शेजारी दोन जण ढिम्म बसलेले असतील (ते प्रयोगकर्त्यांनीच बसवलेले), तर फक्त १० टक्के. आपण दुसऱ्याचा चेहरा वाचतो, दुसरा आपला वाचतो, आणि दोघेही ‘याला काही वाटत नाहीये’ असा निष्कर्ष काढतात. वर्गात हेच घडतं. चाळीसातल्या तीस जणांना आतून ओंगळ वाटत असतं आणि प्रत्येकाला वाटतं की असं वाटणारा मी एकटाच.

इथून पुढचा भाग माझ्या विशेष आवडीचा आहे, जरा धीर धरा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये ‘उंबरठ्या’चं एक गणित मांडलं. त्यांचं उदाहरण दंगलीचं होतं, आपण हसण्याचं घेऊ. समजा एका मुलीची टर उडवली जातेय आणि वर्गात बाकी चाळीस जण आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: इतके जण हसले तर मीही हसेन. पहिल्याचा उंबरठा शून्य, म्हणजे तो कुणाचीही वाट न बघता हसतो. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा एकोणचाळीस. पहिला हसला की दुसरा हसणार, मग तिसरा, आणि बघता बघता चाळीसही जण खिदळतायत.

आता एकच बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता, त्याचा दोन करा. पहिला हसतो. पुढच्याला दोन जण हसायला हवेत, हसलाय एकच. खेळ खलास. चाळीस ऐवजी एकटा हसला, आणि एकट्याने हसणारा वर्गात वेडा दिसतो. उंबरठ्यांची सरासरी किती बदलली? १९.५ वरून १९.५२५. वर्गाला प्रश्नावली देऊन ‘बुलिंगबद्दल तुमचं मत काय’ असं विचारलंत तर दोन्ही वर्गांची उत्तरं सारखीच येतील. प्रत्यक्षात एक नरक आहे आणि दुसऱ्यात एक चावट पोरगा आहे, बस्स.

खरे वर्ग इतके शिस्तीत रचलेले नसतात. आलेखाच्या आडव्या अक्षावर ‘आत्ता किती टक्के हसतायत’ आणि उभ्या अक्षावर ‘ते पाहून पुढच्या क्षणी किती टक्के हसतील’ असं मांडलं, तर बऱ्याचदा इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा मिळते. ती कर्णरेषेला (जिथे दोन्ही आकडे सारखे, म्हणजे हसणाऱ्यांची संख्या बदलत नाही) तीनदा छेदू शकते. खालचा आणि वरचा छेदनबिंदू स्थिर, मधला अस्थिर. म्हणजे तीच मुलं, तेच उंबरठे, पण वर्ग जवळपास शांत तरी राहील किंवा जवळपास सगळा हसेल. मधल्या बिंदूवर तो टिकत नाही. वक्ररेषा थोडी खाली सरकवली तर वरचा आणि मधला बिंदू एकमेकांत मिसळून नाहीसे होतात आणि हसणं कोसळतं. शिवाय सगळ्यांचं हसणं सारख्या वजनाचं नसतं. लाडक्या कॅप्टनचं हसू पाच जणांच्या बरोबरीचं, कोपऱ्यातल्या अबोल मुलाचं अर्ध्याचं. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये गणित आणखी बिघडतं: हसणाऱ्या इमोजी मोजता येतात, गप्प बसलेले दिसतच नाहीत.

ज्यांनी मागचा परिच्छेद वगळला त्यांच्यासाठी: सगळ्यांना थोडं थोडं सुधारण्यापेक्षा मोक्याच्या काही जणांना हलवलेलं बरं.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. न्यू जर्सीतल्या ५६ शाळा, २४ हजारांहून जास्त विद्यार्थी. आधी प्रत्येकाला विचारलं की तू कुणाकुणाबरोबर वेळ घालवतोस, आणि त्यावरून शाळेचं मैत्रीचं जाळं काढलं. मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांत एक लहान गट घेतला. व्याख्यान दिलं नाही. आपल्या शाळेत काय खुपतं ते त्यांनीच ठरवायचं आणि उघडपणे त्याविरुद्ध बोलायचं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार भांडण-छळाच्या शिस्तभंग नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. ज्या शाळांच्या गटात जाळ्याच्या केंद्रातली मुलं जास्त होती, तिथे परिणामही जास्त दिसला. आणि ही केंद्रातली मुलं म्हणजे शिक्षकांच्या मर्जीतली मुलं असतीलच असं नाही!

फिनलंडच्या शाळांतल्या ‘किवा’ या छळविरोधी कार्यक्रमात प्रसंग घडून गेल्यावरही हाच धागा धरतात. आधी त्रास झालेल्याशी एकांतात बोलायचं, मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने, आणि शिवाय वर्गात मान असलेल्या दोन-चार मुलांना बाजूला घेऊन सांगायचं की हिच्या सोबत राहा. काही दिवसांनी पुन्हा भेटून खरंच थांबलं का ते विचारायचं. दोघांना समोरासमोर उभं करून ‘चला, हात मिळवा’ म्हणणं हा शिक्षकांचा आवडता उपाय, पण ताकद असमान असताना ती तडजोड नसते. सोसणाऱ्याला आणखी एकदा मान खाली घालावी लागते, आता शिक्षकांच्या साक्षीने. सगळ्या दांडगोबांना एकत्र बसवून समुपदेशन करणंही धोक्याचं, कारण ते एकमेकांनाच शाबासकी देतात. चूक दिसली की थेट शाळेबाहेर, हे धोरण शाळा सुरक्षित करतं याला पुरावा नाही, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने २००८ मध्येच सांगितलं.

जाता जाता, समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या रंगीत मेंदूच्या चित्रांबद्दल. ‘अपमान झाला की मेंदूत हाड मोडल्यासारखंच दुखतं, विज्ञानाने सिद्ध!’ ही हाकाटी २००३ च्या एका लहानशा स्कॅन-प्रयोगावरून निघाली. २०१४ च्या जास्त बारकाईच्या अभ्यासात शारीरिक वेदना आणि नाकारलं जाण्याचं दुःख यांचे मेंदूतले नमुने वेगळे निघाले. मुलाला दुखतंय हे मान्य करायला स्कॅन कशाला हवा? अशी चित्रं दाखवून ‘आत्मविश्वास शिबिरं’ विकणाऱ्यांपासून लांब राहावं. शिबिर पुन्हा सोसणाऱ्यालाच दुरुस्त करायला निघतं.

माध्यमिक शाळेत मात्र अडचण वाढते. डेव्हिड येगर यांच्या गटाने २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आठवीच्या सुमारास आणि पुढे छळविरोधी कार्यक्रमांचा सरासरी परिणाम जवळपास शून्यावर आलेला दिसला. चौदा वर्षांच्या मुलाला ‘चांगलं वागा’ हे वाक्य मोठ्यांची हुकमत म्हणून ऐकू येतं. त्यात या वयात छळ ही वर चढायची शिडी होते. रॉबर्ट फॅरिस आणि डायेन फेल्मली यांना २०११ मध्ये आढळलं की लोकप्रियता वाढते तशी आक्रमकता वाढत जाते. अगदी शिखरावरच्या मूठभरांत ती उतरते, कारण त्यांना आणखी वर जायचं नसतं.

कार्यक्रम यशस्वी झाला तरी एक गाठ उरते. ज्या वर्गांत छळ कमी झालेला असतो, तिथे अजूनही छळ सोसणारी मुलं, छळ सर्रास चालणाऱ्या वर्गांतल्या तशाच मुलांपेक्षा जास्त खचलेली आढळली आहेत. सगळ्यांना त्रास होतो तेव्हा दोष वर्गाला देता येतो. एकट्यालाच होतो तेव्हा माणूस तो स्वतःत शोधू लागतो. म्हणून वार्षिक पाहणीत टक्का घसरला की शाळेने मोहीम आवरती घेऊ नये. त्या वेळी उरलेली दोन-तीन नावं शोधून काढावीत आणि मधल्या सुट्टीत ती मुलं कुणाबरोबर डबा खातात हे वर्गशिक्षकांनी पाहावं.