वाट न पाहणारा सर्व्हर

वेब डेव्हलपरांच्या परिषदांमधलं बरंचसं बोलणं दोन-तीन वर्षांत शिळं होतं. नवी लायब्ररी (इतर प्रोग्रामरांनी वापरायचा तयार कोड) येते, टाळ्या पडतात आणि पुढच्या खेपेला तिचं नावही कोणी काढत नाही. बर्लिनमध्ये नोव्हेंबर २००९ मध्ये ‘जेएसकॉन्फ ईयू’ परिषदेत रायन डाल या अमेरिकन प्रोग्रामरने केलेलं भाषण मात्र आजही बघावं असं आहे. त्यात त्याने ‘नोड डॉट जेएस’, म्हणजे ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट भाषा सर्व्हरवर चालवण्याची सोय, लोकांपुढे मांडली आणि शेवटी सभागृह उभं राहिलं. मला स्वतःला नोडपेक्षाही आवडतो तो त्याने दाखवलेला एक छोटासा तक्ता.

प्रोसेसरला एखादी माहिती मिळायला त्याच्या घड्याळाचे किती ठोके लागतात, याचा तो हिशेब होता. कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी. तिच्या अगदी जवळच्या एल-१ थरातून ३ ठोके, एल-२ मधून १४, रॅममधून २५०. इथवर ठीक. पण हार्ड डिस्कवरून ४ कोटी १० लाख आणि नेटवर्कवरून २४ कोटी! एक ठोका म्हणजे एक सेकंद धरा. मग रॅममधली माहिती चार मिनिटांत हाती येते, डिस्कवरची यायला सव्वा वर्षाहून जास्त लागतं आणि नेटवर्कची वाट बघण्यात साडेसात वर्षं जातात.

आता सर्व्हरवरचा साधा प्रोग्राम घ्या. एका ओळीत तो डेटाबेसला काहीतरी विचारतो, पुढच्या ओळीत ते उत्तर वापरतो. वाचायला सरळसोट, पण या दोन ओळींच्या मधे ती साडेसात वर्षं दडलेली असतात आणि तेवढा वेळ प्रोग्राम नुसता ताटकळत उभा असतो. यावरचा जुना उपाय म्हणजे प्रत्येक ग्राहकासाठी एक स्वतंत्र थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा वेगळा धागा. अपाची हा वेब सर्व्हर बरीच वर्षं, ग्राहकामागे एक प्रोसेस किंवा एक थ्रेड, अशाच पद्धतीने चालत आला. एक थ्रेड अडला तर दुसरा काम करतो, हे खरं. पण प्रत्येक थ्रेड स्वतःपुरती मेमरी अडवून बसतो आणि त्यांच्यात सारखी अदलाबदल करण्यातही प्रोसेसरचा वेळ जातो. एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगेल या प्रोग्रामरने १९९९ मध्येच मांडला होता.

दुसरी वाट आपण गिरणीत रोज वापरतो. दळणाचा डबा ठेवायचा, ‘झालं की फोन करा’ सांगायचं आणि भाजी आणायला जायचं. गिरणीच्या दारात कोणी तासभर उभं राहत नाही. इव्हेंट लूप म्हणजे हेच. एकच थ्रेड डिस्कला, डेटाबेसला, नेटवर्कला कामं सांगून मोकळा होतो. एखादं उत्तर आलं की ऑपरेटिंग सिस्टीम तशी वर्दी देते आणि त्या कामासाठी आधीच सांगून ठेवलेलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालवलं जातं.

ही युक्ती डालची नव्हे. इगोर सिसोएव्ह यांचा एंजिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ पासून तिच्यावरच चालत होता आणि डालने त्याचे आकडे अपाचीशेजारी मांडून दाखवलेही. रुबी आणि पायथनमध्येही अशा लायब्ररी होत्या. अडचण अशी की त्या भाषांमधल्या बाकीच्या शेकडो लायब्ररी ‘थांबा आणि पाहा’ वळणाच्या. त्यातली एक जरी मधे आली तरी अख्खा लूप खोळंबतो.

जावास्क्रिप्टपाशी असं काहीच नव्हतं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केलेली ही भाषा ब्राउझरमध्येच वाढली. फाइल वाचणं नाही, सॉकेट (नेटवर्कवरची थेट जोडणी) नाही, थ्रेड नाहीत. पण ‘बटण दाबलं की हे कर’ असं लिहायची सवय तिच्या प्रोग्रामरांच्या अंगवळणी पडलेली होती. डालने जावास्क्रिप्ट चालवणारं गूगलचं व्ही-८ इंजिन ब्राउझरबाहेर काढलं आणि भाषेत जे नव्हतं ते सगळं न थांबणाऱ्या पद्धतीने नव्याने लिहिलं. भाषेचं दारिद्र्यच पथ्यावर पडलं, असं माझं मत.

किंमतही मोजावी लागली. कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक, त्याच्या पोटात आणखी एक, असा कोड उजवीकडे सरकत सरकत जाई आणि चूक कुठे झाली ते सापडत नसे. यावर उतारा ठरणारे ‘प्रॉमिस’, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची जणू पावती, नोडमध्ये २००९ मध्येच आले होते, पण डालने २०१० मध्ये ते काढून टाकले. पुढे २०१८ मध्ये याच परिषदेत ‘नोडबद्दलचे दहा पश्चात्ताप’ अशा नावाचं भाषण त्याने केलं, त्यात हाही होता. आपल्याच गाजलेल्या कामाची अशी जाहीर चिरफाड करणारे लोक कमीच.

एका ठिकाणी मात्र इव्हेंट लूप काही कामाचा नाही. वाट बघण्यात वेळ जात असेल तरच तो वाचवता येतो. मोठा फोटो लहान करणं किंवा व्हिडिओचं रूपांतर करणं यात प्रोसेसर खरोखरच राबत असतो. ते काम त्याच एका थ्रेडवर टाकलं तर बाकी सगळे ग्राहक रांगेत अडकतात. म्हणून अशी जड कामं वेगळ्या प्रोसेसकडे सोपवतात. २०१८ पासून नोडमध्ये त्यासाठी वर्कर थ्रेडही मिळू लागले.