माळ्यावरच्या पुस्तकांचा माग: बेळगाव सीमाभागातल्या जुन्या ग्रंथांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजूनही एखादं शंभर-सव्वाशे वर्षांचं इतिहासाचं किंवा प्रवासाचं पुस्तक निघतं. ते इथवर आलं कसं, हा माग काढल्याशिवाय संग्रहाला अर्थ नाही असं मला मनापासून वाटतं.

एक वाट लष्कराची. 1818 साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढं कॅम्प म्हणजे लष्करी छावणी वसली. साहेबांच्या सामानातून ग्रँट डफचा 1826 चा तीन खंडी मराठ्यांचा इतिहास किंवा मरेचं 1859 चं मुंबई इलाख्याचं प्रवासी मार्गदर्शक अशी पुस्तकं या बाजूला यायची आणि बदली झाली की जड सामानाबरोबर विकली जायची.

खरं घबाड मात्र सरकारी छपाईतलं. जेम्स बर्जेसने 1874 च्या जानेवारी ते मे या महिन्यांत बेळगाव आणि कलादगी (पुढं विजापूर) जिल्हे पाहिले. त्याचा अहवाल हा पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिलाच खंड. फ्लीट हा मुलकी अधिकारी. या दक्षिणी जिल्ह्यांतले शिलालेख वाचून त्याने कन्नड मुलखातल्या राजघराण्यांवर 1882 मध्ये पुस्तक लिहिलं आणि पुढं मुंबई गॅझेटियरसाठी, म्हणजे सरकारनं छापलेल्या इलाख्याच्या माहितीच्या ग्रंथमालेसाठी, ते वाढवून दिलं. म्हणून संग्राहकाला दोन्ही पाठ हवे असतात. त्याच गॅझेटियरचा एकविसावा खंड, 1884 चा, अख्खा बेळगाव जिल्ह्याचा. पिकं, जाती, बाजार, देवळं, गावागावाची नोंद. आपल्या गावाचं नाव त्यात सापडल्यावर माणूस कसा हरखतो, ते मी कितीदा पाहिलंय.

मराठी पुस्तकांची वाट वेगळी. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं. शेजारचं शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचं, आणि मिरजेला वासुदेवशास्त्री खरे 1897 पासून पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापत होते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा. प्रवासात गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’: 1907 ची आवृत्ती चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून काढली, मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये दिला. जुनी आवृत्ती मोलाची खरी, पण 1857 च्या बंडाची हकीकत वाचायची तर पोतदारांची घ्यावी.

मग 1956 आलं. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पुस्तकं घरातच राहिली, वाचणारे कमी होत गेले. आजोबांचं मराठी, नातवंडांची शाळा कन्नड किंवा इंग्रजी. माळा साफ करायला काढला की सगळं किलोवर रद्दीत. वाळवीपेक्षा जास्त पुस्तकं या रद्दीनं खाल्ली.

चार वर्षांपूर्वी खडेबाजाराजवळ एका रद्दीच्या ढिगात मला तोच एकविसावा खंड मिळाला. पाठीचा पुठ्ठा सुटलेला, नकाशा कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेला, कडांना कसरीनं जाळी केलेली. मुखपानावर जांभळा गोल शिक्का, अर्धा पुसट. एकानं सुचवलं, नवी कातडी बांधणी करून घ्या, किंमत वाढेल. मी नाही केली. बांधणी बदलली की शिक्का, सह्या, समासातल्या नोंदी, सगळा माग जातो. वेखंडाची पुरचुंडी ठेवून सुती कापडात गुंडाळलं, एवढंच.

शेवटच्या कोऱ्या पानावर मोडीत चार ओळी होत्या. मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे घेऊन गेलो. भिंग धरून त्यांनी सावकाश वाचलं: जोंधळ्याच्या पोत्यांचा हिशेब, आणि खाली, ‘वाचून झाल्यावर धाकट्याकडे द्यावे.’